परसदारची काकवी

मेपल या अमेरिकेतल्या झाडाचा रस पहिल्यांदा चाखला तेव्हा मी फसल्यासारखी झाले. तोटीतून पडणारे चार थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावले आणि वाटले, हे तर पाणीच आहे. पुन्हा घेतले, या वेळी डोळे मिटून आणि नीट लक्ष देऊन, तेव्हा कुठे जिभेच्या मागच्या बाजूला एक पुसट गोडवा आणि ओल्या लाकडाचा त्याहूनही पुसट वास लागला. माझे लहानपण कोल्हापूरजवळच्या एका गावात, घरच्या गुऱ्हाळावर गेले. घाण्यातून पडणारा उसाचा रस असा असतो, की तो प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात आणि हात धुतल्याशिवाय वहीला हात लावता येत नाही. गोड रस म्हणजे काय याची माझी कल्पना तिथे ठरलेली होती. उसाच्या रसात साखर साधारण १५ ते २० टक्के असते आणि मेपलच्या रसात जेमतेम २ टक्के. या एका फरकातच मेपल सिरपची, म्हणजे हा रस आटवून केलेल्या पाकाची, पुढची सगळी मेहनत दडलेली आहे, हे मला ते थेंब चाखताना ठाऊक नव्हते.

आमचे घर अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात, माउंट मॅन्सफील्ड या डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी आहे. परसात मेपलची सात झाडे आहेत, पण त्यांतली खरी कामाची, म्हणजे शुगर मेपलची, तीनच. झाडे ओळखायची ती उन्हाळ्यात किंवा पानगळीच्या वेळी, कारण रस काढण्याच्या दिवसांत सगळी झाडे सारखीच उघडी आणि करडी दिसतात. शुगर मेपलच्या पानाच्या कडा गुळगुळीत असतात आणि दोन बोटांमधली खाच गोलसर असते. रेड मेपलच्या पानाला मात्र करवतीसारखे बारीक दाते असतात. नॉर्वे मेपलचे पान पाहून माणूस चकतो, पण त्याचा देठ तोडला की रुईसारखा पांढरा चीक येतो. रेड मेपलच्या रसाचेही सिरप होते, मात्र त्यात साखर कमी असते आणि त्याच्या कळ्या लवकर फुगत असल्यामुळे त्याचा हंगामही लवकर आटोपतो. पहिल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी तीन झाडांना लाल फडक्यांच्या पट्ट्या बांधून ठेवल्या. त्या पाहून शेजारच्या आजोबांना वाटले, की ही झाडे तोडायची आहेत, आणि ते काळजीने विचारायला आले. या कामातली माझी शाळा तिथून सुरू झाली. आजोबांचा पूर्वी गाईंचा गोठा होता. आता गाई नाहीत, पण डोंगराच्या उतारावर त्यांचे शुगरहाउस अजून चालते. शुगरहाउस म्हणजे इथले गुऱ्हाळच. वाफ बाहेर पडावी म्हणून छपराच्या मध्यभागी झडपा असलेली ती लाकडी खोपट मार्चमध्ये धुमसताना दुरूनही ओळखू येते.

झाडाला भोक पाडायचे म्हटल्यावर माझा हात थबकला होता. आपल्याकडे झाडाला खिळा ठोकला तरी कोणीतरी वडीलधारे माणूस ओरडते. पण त्यालाही रीतभात आहे. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास निदान २५ ते ३० सेंटीमीटर असल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. त्या मापाच्या झाडाला एकच तोटी, आणि खोड चांगले दांडगे असेल तरच दुसरी. भोक करंगळीहून बारीक, जवळपास आठ मिलिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटीमीटर खोल. रस आपसूक बाहेर यावा म्हणून ते किंचित वरच्या दिशेने पाडायचे. ड्रिलबरोबर बाहेर येणारा भुसा पाहत राहायचे. तो पांढरट, दुधावर आलेल्या सायीच्या रंगाचा असेल तर लाकूड जिवंत आहे, आणि तपकिरी निघाला तर आपण जुन्या जखमेत शिरलो आहोत असे समजायचे. झाड हे भोक पुन्हा कधीच आतून भरून काढत नाही. ते त्या भागाला वेढा घालून तो बंद करते, आणि भोकाच्या वर-खाली लाकडाचा एक उभा पट्टा कायमचा निकामी होतो. म्हणून पुढच्या वर्षीचे भोक त्याच्या बाजूला सरकून आणि थोड्या वेगळ्या उंचीवर पाडतात. तोटी हातोडीने ठोकताना आवाज बदलतो. पहिले दोन ठोके पोकळ येतात आणि तिसरा भरीव येतो. त्या भरीव ठोक्याला थांबायचे असते, नाहीतर खोड चिरते.

रस झाडातून का येतो, याविषयी माझी समजूत चुकीची होती. मला वाटायचे, की वसंत आला म्हणजे मुळांतून रस वर चढतो आणि वाटेत भोक सापडले तर बाहेर पडतो. तसे असते तर उबदार दिवसांत रसाची धार लागली असती, पण सलग तीन दिवस ऊब राहिली तर तोटी कोरडी पडते. रात्री पाणी गोठले पाहिजे आणि दिवसा वितळले पाहिजे, हीच मुख्य अट आहे. मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये पाण्याऐवजी हवा भरलेली असते. रात्री थंडीने ती आक्रसते, तिच्याभोवती बर्फ साठत जातो आणि झाड मुळांकडून पाणी ओढून घेते. सकाळी ऊन पडले, की बर्फ वितळतो, दाबली गेलेली हवा फुगते आणि रसाला बाहेर ढकलते. त्यातली साखर मागच्या उन्हाळ्याची असते. पानांनी तयार केलेले पीठूळ अन्न लाकडात साठवून ठेवलेले असते आणि थंडीत त्याचीच साखर होते. रात्री उणे पाच आणि दुपारी अधिक पाच अंश असा दिवस उजाडला, की झाडांना पान्हा फुटल्यासारखे होते आणि रिकाम्या पत्र्याच्या बादलीत टप्-टप् असा आवाज सुरू होतो. तासाभरात बादलीचा तळ झाकला गेला, की तो आवाज बदलून टुपुक्-टुपुक् होतो. स्वयंपाकघराची खिडकी बंद असतानाही मला तो ऐकू येतो असे मी म्हणते, आणि घरातले कोणीही ते मान्य करत नाही.

इथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावोगावी नगरसभा भरते. तोट्या लावायचा जुना मुहूर्त हाच. अलीकडे थंडी लवकर ढिली होते, म्हणून पुष्कळ जण फेब्रुवारीतच कामाला लागतात. मी तीन झाडांना मिळून चार तोट्या लावते. चांगल्या दिवशी एका तोटीला पाच-सहा लिटर रस येतो आणि वाईट दिवशी वाटीभरही येत नाही. बादल्यांवर झाकण लागते, तरीही रसात काही उडणारे किडे आणि बर्फावर काळ्या तिळांसारखे उड्या मारणारे बारीक किडे सापडतातच. ते फडक्याने गाळून घ्यायचे. सकाळी रसावर बर्फाचा थर आलेला असेल तर तो काढून फेकून द्यायचा, कारण आधी गोठते ते बहुतांश पाणी असते आणि खाली राहिलेला रस तेवढाच दाट होतो. पुढची चार तासांची आच त्यात वाचते. गोळा केलेला रस दुधासारखा जपावा लागतो. मी पिंप घराच्या उत्तरेला बर्फात पुरून ठेवते आणि रविवारपर्यंत थांबते. ऊब वाढली तर रविवारची वाट पाहता येत नाही.

पहिल्या वर्षी मी रस स्वयंपाकघरात गॅसवर आटवला. ही चूक इथे प्रत्येक जण एकदा करतो आणि दुसऱ्याला सावध करत नाही. एक लिटर सिरपसाठी जवळपास चाळीस लिटर रस लागतो, म्हणजे एकोणचाळीस लिटर पाणी वाफ होऊन घरात पसरते. दुपारपर्यंत खिडक्यांच्या काचांवरून ओघळ वाहू लागले, संध्याकाळी जेवणघराच्या भिंतीवरचा कागद एका कोपऱ्यातून सुटून लोंबू लागला आणि रात्री धुराचा गजर धूर नसताना वाजला. दुसऱ्या वर्षी परसात सिमेंटच्या पोकळ विटांची चूल मांडली आणि तिच्यावर जेवणावळीत भाज्या ठेवतात तसले स्टीलचे दोन पसरट ट्रे बसवले. भांडे पसरट असावे, उभे नसावे, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, कारण गुऱ्हाळाची काहिल मी पाहिली होती. जुन्या बाजारातून मिळणाऱ्या पत्र्याच्या बादल्या आणि भांडी मात्र मी घेत नाही. त्यांच्या सांध्यांत शिसे असू शकते.

मार्चच्या मध्यानंतर आमचे संध्याकाळचे सात म्हणजे कोल्हापूरकडचे पहाटेचे साडेचार. तिकडे गावी आबा त्या वेळी उठलेले असतात. चुलीपाशी फोन टेकवून मी त्यांना पहिल्यांदा ट्रे दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "पाणीच आटवायलीस की गं."

"आबा, तुम्ही थांबा थोडे. रात्री रंग येईल बघा."

"रंग येईल, पर एवढं जळण? आमच्यात एवढ्या जळणात ढेपा निघाल्या असत्या."

त्यांचे खरे होते. गुऱ्हाळात जळण विकत घ्यावे लागत नाही. उसाचा रस निघाला, की उरलेली चिपाडे वाळवायची आणि तीच चुलवाणात सारायची, म्हणजे ऊस स्वतःच्या सालीवर स्वतःचा गूळ शिजवतो. इथे झाड नुसते पाणी देते आणि लाकूड आपले आपण फोडायचे. तरी आबा फोन बंद करेनात. मळी कशी येते, ती कशाने काढतेस, उतू जाऊ लागले तर काय घालतेस, असे प्रश्न सुरू झाले. मी सांगितले, की लोण्याचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकला की फेस बसतो. ते म्हणाले, आम्ही तेलाचा थेंब टाकतो. रानभेंडीचे पाणी घालून मळी वर आणायची आपली रीत इथे नाही. इथे मळी फारशी येतही नाही. पण शेवटी तळाशी बारीक वाळूसारखा गाळ बसतो. तो खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियमचा असतो आणि जाड नमद्यासारख्या कापडातून सिरप गरम असतानाच गाळले नाही तर बाटलीत उतरतो.

खरी पंचाईत कुठे थांबायचे याची झाली. माझ्या हातात गुऱ्हाळाचा अंदाज होता. आमचे गुळवे काहिलीतला पाक गार पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळत आणि ती गोळी मनासारखी झाली, की हाताने इशारा करत. मग सगळे गडी धावत आणि काहिल वाफ्यात ओतली जाई. त्याच्या कितीतरी आधी, पाक नुकताच दाटू लागलेला असताना, आई मला पितळी तांब्या घेऊन पाठवायची, कारण घरासाठी काकवी काढून घ्यायची तीच वेळ असे. काकवी म्हणजे गुळाच्या वाटेवरचा एक थांबा. दोन दिवस भाकरीबरोबर खायला तांब्याभर काकवी घ्यायची आणि काहिल पुढे चालू ठेवायची. मेपलच्या बाबतीत मात्र तो थांबाच मुक्कामाचे ठिकाण आहे. पाणी ज्या तापमानाला उकळते त्याहून जेमतेम ४ अंश सेल्सिअस वर गेले, की सिरप तयार. गुळासाठी ११८ अंशांच्या आसपास जावे लागते. माझे बोट तारेची वाट पाहत होते आणि तार नीट ओढली जाईपर्यंत सिरप आपल्या मुक्कामाच्या पुढे निघून गेले होते. ते बाटल्यांत भरले, आणि आठवड्याने पाहिले तर प्रत्येक बाटलीच्या तळाशी खडीसाखरेचे खडे जमलेले. मुलीला ते फार आवडले आणि मला लाज वाटली. पुढच्याच घाण्याला मी उलट टोक गाठले. शेवटचे दोन लिटर उरले असताना दार वाजले म्हणून तीन मिनिटे आत गेले, आणि परत आले तेव्हा ट्रेमध्ये काळा फेस उकळत होता. पातळ रस चार तास दुर्लक्ष सहन करतो, पण शेवटच्या दहा मिनिटांत तो ते सहन करत नाही.

शेजारच्या आजोबांनी मग मला पाकाचा दाटपणा मोजायचा त्यांचा जुना काचेचा हायड्रोमीटर दिला आणि पळीची खूणही दाखवली. पळी बुडवून आडवी धरायची. सिरप कच्चे असेल तर तिच्या कडेवरून थेंब-थेंब गळते. ते तयार झाले, की थेंब एकमेकांत मिसळतात आणि पळीच्या काठाला क्षणभर पडद्यासारखे लोंबून मग तुटतात. हवेचा दाब बदलला, की पाण्याचा उत्कलनबिंदूही बदलतो, म्हणून त्या-त्या दिवशी साधे पाणी किती अंशांना उकळते ते आधी पाहून त्यात ४ मिळवायचे. व्हर्माँटच्या नियमाप्रमाणे सिरपमध्ये विरघळलेली साखर ६६.९ टक्क्यांहून कमी असता कामा नये. त्याहून पातळ राहिले तर बुरशी येते आणि दाट झाले तर माझ्यासारखे खडे पडतात. एवढ्या अरुंद पट्टीत हात बसायला मला तीन हंगाम लागले.

मात्र गुळापर्यंत जाण्याची माझी ओढ या मातीला परकी नव्हती, हे मला नंतर कळले. युरोपातून लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून अबेनाकी, अनिशिनाबे आणि इतर आदिवासी समाज मेपलचा रस आटवत आले आहेत, आणि त्यांचे मुख्य उत्पादन सिरप नव्हते, साखर होते. हवाबंद बाटली नसलेल्या काळात पातळ सिरप वर्षभर टिकवणार कसे? कोरडी साखर भूर्जाच्या सालीच्या डब्यांत भरली, की ती पुढच्या वसंतापर्यंत राहते. गोऱ्या शेतकऱ्यांनीही तीच रीत उचलली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथल्या घरांत मेपल साखरेच्या वड्याच होत्या. मग उसाची साखर इतकी स्वस्त झाली, की गोडीसाठी मेपलकडे कोणी पाहीना. मेपलला स्वतःच्या चवीवर जगावे लागले आणि ती चव सिरपमध्ये जास्त खुलते. म्हणजे ज्या पिकावर आमचे घर उभे राहिले, त्याच पिकाने इथल्या साखरेला काकवीपाशी आणून थांबवले.

या दोन साखरांची गाठ त्याआधीही एकदा पडली होती. १७९१ साली फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसन यांना मेपलविषयी एक लांबलचक पत्र लिहिले. कॅरिबियन बेटांवरची उसाची साखर गुलामांच्या श्रमांतून येत होती. तिच्या जागी शेतकरी कुटुंबाने स्वतः आटवलेली मेपलची साखर आली, तर गुलामगिरीचा एक आधार निखळेल असा त्यांचा विचार होता. जेफरसन त्याच वर्षी व्हर्माँटला येऊन गेले आणि व्हर्जिनियातल्या आपल्या माँटिसेलोच्या मळ्यावर त्यांनी मेपलची रोपे लावली. ती तिथल्या उबेत तगली नाहीत. त्या मळ्यावर राबणारी माणसे मात्र गुलामच होती, आणि ही गोष्ट उगाळताना इथले लोक तो भाग बहुधा गाळतात.

हा उद्योग परवडतो का, असे मला दर वर्षी कोणीतरी विचारते. परवडत नाही. या वर्षी १४२ लिटर रस जमला, चार रविवार चूल पेटली, आणि हाती आले साडेतीन लिटर सिरप. तेवढे सिरप गावच्या दुकानातून आणले असते तर माझे रविवार वाचले असते. मोठे उत्पादक नळ्यांचे जाळे पसरतात, पंपाने रस ओढतात आणि उलट परासरणाच्या, म्हणजे रस बारीक पडद्यातून दाबून गाळणाऱ्या, यंत्रातून त्यातले बरेचसे पाणी आधीच काढून टाकतात. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात तर जगातल्या मेपल सिरपचा मोठा वाटा तयार होतो. त्यांच्याशी माझ्या चार बादल्यांची तुलना कोणी करू नये. पण पहिल्या आठवड्याच्या सिरपचा फिकट सोनेरी रंग आणि शेवटच्या आठवड्याच्या सिरपचा काळपट रंग शेजारी-शेजारी ठेवून उन्हात पाहायचे असतील, तर स्वतः आटवण्याला पर्याय नाही. फिकट सिरपला पूर्वी दुकानात मान जास्त असे. मला मात्र गडदच आवडते, कारण भाकरीशी त्याचेच जमते. आमच्याकडे घावन आणि आंबोळीबरोबरही तेच जाते. आटवता-आटवता थोडा दाट पाक ताज्या बर्फावर ओतला, की तो चिक्कीच्या पाकासारखा चिवट होतो. इथे तो आंबट काकडीच्या लोणच्याबरोबर खातात. माझी मुलगी लिंबाच्या लोणच्याबरोबर खाते आणि शेजारच्या मुलांनाही तिने तो नाद लावला आहे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओढ्याकाठचे बेडूक ओरडू लागतात. इथले जुने लोक त्या वेळच्या रसाला बेडकांचाच रस म्हणतात. त्यानंतर कळ्या फुगतात आणि रसाला एक कडसर, शिजलेल्या पाल्यासारखी चव येते, तेव्हा तोट्या काढायच्या. या वर्षी बेडूक ओरडायला लागल्यावरही मी एक पिंप भरले, सिरप केले आणि त्यातले अर्धा लिटर बाजूला ठेवले. ठरवले, की या वेळी काकवीपाशी थांबायचे नाही. लहान पातेल्यात ते ११८ अंशांपर्यंत नेले, खाली उतरवून लाकडी चमच्याने घोटले, तेल लावलेल्या वाट्यांत ओतले आणि झोपले. सकाळी वाटी उपडी केली तर काहीच पडले नाही. बोट लावले तर ते रुतले. गडद, चमकदार आणि डिंकासारखा चिकट असा तो गोळा दोन दिवस तसाच राहिला.

आबांना वाटी दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला असावा, कारण मला नुसती भुवई दिसत होती.

"बसला न्हाई," ते म्हणाले. "रस कवाचा हुता?"

"चार दिवसांचा. मध्ये ऊन पडले होते."

"मग कसा बसंल? शिळ्या रसाचा गूळ बसत न्हाई. उसाचाबी न्हाई बसत."

आजोबांना विचारले तर त्यांनीही हेच सांगितले. हंगामाच्या अखेरीस ऊब वाढली, की रसातले सूक्ष्मजीव साखर फोडतात, आणि फुटलेल्या साखरेचा खडा बांधला जात नाही. आबांना मी हे कारण समजावून सांगू लागले, पण त्यांनी ते अर्ध्यात तोडले.

"भाकरी हाय का घरात? मग खा. काकवीच म्हणायची त्याला."